यादीत नसलेली माणसे : नागपट्टिनमच्या एका मच्छीमार गावातील परतभेटींचे प्रकरण

२६ डिसेंबर २००४ रोजी, रविवारी, भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्याजवळ समुद्राखाली ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यातून उठलेल्या लाटा अडीच-पावणेतीन तासांत तमिळनाडूच्या किनाऱ्यावर येऊन आदळल्या. मधल्या वेळात किनाऱ्यावरच्या गावांना कोणी सावध केले नाही, कारण हिंदी महासागरासाठी इशारा देणारी यंत्रणाच तेव्हा नव्हती. हैदराबादचे त्सुनामी इशारा केंद्र सुरू झाले ते ऑक्टोबर २००७ मध्ये. तमिळनाडूत सुमारे आठ हजार माणसे गेली आणि त्यांपैकी ६,०६५ एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यातली होती. अक्कराईपेट्टई, कीचनकुप्पम, वेलंकनी, तरंगंबाडी ही नावे त्या आठवड्यात मराठी वर्तमानपत्रांतूनही रोज येत होती.

हे प्रकरण त्याच जिल्ह्यातील एका मच्छीमार गावाचे आहे. गावाचे नाव मी देत नाही, कारण पुढे येणाऱ्या गोष्टी तिथल्या माणसांच्या घरातल्या आहेत आणि त्या सांगण्याची परवानगी मला मिळाली ती याच अटीवर. मदतकार्य करणारा आमचा गट या गावात जानेवारी २००५, डिसेंबर २००५, जून २००७ आणि डिसेंबर २०१८ असा चार वेळा गेला. पहिल्या खेपेस आम्ही एक यादी केली होती. त्या यादीचे पुढे काय झाले आणि ती दुरुस्त करण्यासाठी परत जावे लागले म्हणजे नेमके काय करावे लागले, एवढ्याच गोष्टीचा हा अभ्यास आहे. मदतकार्याची वर्णने बहुधा पहिल्या खेपेची असतात, कारण त्या वेळी धावपळ असते, छायाचित्रे असतात आणि देणाऱ्यांचे लक्षही असते. आमच्या हातून झालेल्या चुका मात्र सगळ्या दुसऱ्या खेपेला उघड झाल्या, म्हणून येथे अधिक जागा तिलाच दिली आहे.

पहिली खेप

आम्ही नऊ जण ७ जानेवारीला नागपट्टिनमला पोहोचलो. आमच्यापैकी तिघांनी १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आणि दोघांनी २००१ मध्ये भूजला काम केले होते, त्यामुळे आपल्याला या कामातले कळते अशी आमची समजूत होती. ढिगारे कसे उपसायचे, धान्याची पाकिटे कशी बांधायची, रांग कशी लावायची हे आम्हांला येत होते, हेही खरे. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पाठिंब्याने दक्षिण भारतीय मच्छीमार संस्थांचा महासंघ आणि ‘स्नेहा’ या स्थानिक संस्थेने एक समन्वय केंद्र सुरू केले होते. कोणत्या गावात कोण काम करत आहे याची नोंद तेथे होत होती आणि आम्हांला आमचे गाव तिथूनच मिळाले. त्या केंद्रामुळे एकाच गावात दहा ट्रक आणि शेजारच्या गावात एकही नाही, असा प्रकार पुष्कळ कमी झाला. तरीही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या कपड्यांचे ढीग पडलेले होते. देशभरातून आलेले ते कपडे तिथल्या बायकांनी उचललेसुद्धा नव्हते. ज्यांचे सर्वस्व गेले होते त्यांनाही दुसऱ्याने टाकून दिलेले वस्त्र अंगावर घेणे अपमानाचे वाटत होते, आणि ते तसे वाटणे मला आजही योग्य वाटते.

गावात होड्या घरांवर चढलेल्या होत्या आणि सुरूच्या झाडांत जाळी अशी गुंतली होती की ती सोडवण्यापेक्षा कापणे सोपे होते. आम्ही विहिरी उपसल्या. एकेक विहीर तीन-तीनदा उपसली आणि दर वेळी पाणी अधिकच खारट झाले. किनाऱ्यालगत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो आणि विहीर जोराने उपसली की खालचे खारे पाणी वर ओढले जाते, हे आम्हांला कोणीतरी नंतर समजावून सांगितले. लातूर जिल्ह्यातल्या विहिरींचा अनुभव इथे चालणार नव्हता.

आमचे मुख्य काम मात्र यादीचे होते. कोणाचे काय गेले याची नोंद करून ती देणगीदारांकडे पोहोचवायची, असे ठरले होते. नऊपैकी दोघांनाच मोडकीतोडकी तमिळ येत होती, गावात अडीचशेच्या वर घरे होती आणि हाताशी एकोणीस दिवस होते. त्यामुळे गावाकडे जी यादी आधीच तयार होती तीच आम्ही आधाराला घेतली.

ही यादी ‘ऊर पंचायती’ची होती. ऊर म्हणजे गाव. पण ही निवडणुकीने येणारी ग्रामपंचायत नव्हे. कोरोमंडल किनाऱ्यावर पट्टिनवर समाजाच्या मच्छीमार गावांत परंपरेने चालत आलेली ही पंचायत समुद्रावरचे तंटे सोडवते, देवळाचा उत्सव करते, कोणते जाळे कधी टाकायचे याचे नियम घालते आणि त्यासाठी घरटी कर गोळा करते. कर देणारा प्रत्येक विवाहित पुरुष म्हणजे एक ‘वरी’. गावात काहीही वाटायचे असेल तर ते वरीप्रमाणे, सर्वांना सारखे वाटले जाते. लाट आल्यानंतर पहिल्या काही दिवसांत मृतदेह शोधणे, सामुदायिक दफन, आलेल्या अन्नाचे वाटप ही सारी कामे याच पंचायतीने केली, आणि एकही भांडण होऊ न देता केली. वस्तू कमी आल्या तर त्या देवळात ठेवून द्यायच्या आणि सर्वांना पुरतील एवढ्या झाल्यावरच वाटायच्या, असा त्यांचा शिरस्ता होता. आम्ही तो पाहून भारावून गेलो आणि वरीची यादी जशीच्या तशी आमच्या वहीत उतरवून घेतली. पुढे चार रकाने आखले : होडी, इंजिन, जाळी, घर. जाळीच्या रकान्यात आम्ही संख्या लिहिली.

अकरा महिन्यांनंतर

दुसऱ्या खेपेला आम्ही मुळात पहिल्या स्मृतिदिनासाठी जात होतो. आम्हांला बोलावणे आले होते, आणि आपण दिलेल्या होड्या पाण्यावर पाहाव्यात अशी इच्छाही होती. आम्ही १५ डिसेंबर २००५ ला पोहोचलो तेव्हा ईशान्य मोसमी पावसाने तो किनारा दोन महिने झोडपून काढलेला होता आणि ‘फानूस’ हे चक्रीवादळ क्षीण होऊन वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर येऊन गेल्याला पाचच दिवस झाले होते. डांबरी पत्र्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत पाणी शिरलेले होते. हे काळे पत्रे उन्हाळ्यात असे तापत की दुपारी आत बसवत नसे, आणि पावसाळ्यात जमिनीच्या पातळीवरच्या त्या खोल्यांत घोटाभर पाणी साचे. एका खोलीत खाटेखाली विटा लावून खाट उंच केलेली होती, तिच्यावर तांदळाचा डबा आणि शाळेची दप्तरे ठेवलेली होती, आणि माणसे खाली, ओल्या जमिनीवर प्लास्टिक अंथरून निजत होती.

किनाऱ्यावर होड्या होत्या, पुष्कळ होत्या. लाटेच्या आधी या गावात बहुतेक कट्टुमरम होती, म्हणजे हलक्या लाकडाचे ओंडके दोरांनी बांधून केलेला तराफा. आता तिथे फायबरच्या होड्यांची रांग लागली होती आणि प्रत्येकीच्या अंगावर देणाऱ्याचे नाव ठळक अक्षरांत रंगवलेले होते. आमच्या प्रयत्नांतून आलेल्या सहा होड्यांपैकी दोन वाळूत पालथ्या पडल्या होत्या आणि त्यांच्याखाली कोंबड्या बसल्या होत्या.

आम्हांला वाटले इंजिन बिघडले असेल. खरे कारण असे निघाले की त्या होड्यांवर जायला माणसेच नव्हती. फायबरच्या होडीवर चार-पाच जण लागतात. पूर्वी एक मालक आणि बाकीचे खलाशी असत आणि मासळीच्या विक्रीतून प्रत्येकाचा वाटा निघे. मदत आली तेव्हा पंचायतीने आपल्या शिरस्त्याप्रमाणे प्रत्येक वरीचा होडीत हिस्सा असावा असे ठरवले. देणाऱ्यांनाही होडीच द्यायची होती, कारण होडी दिसते, तिचे छायाचित्र निघते आणि तिच्यावर नाव लिहिता येते. दोन्ही बाजूंचा हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की कालचे खलाशी आज मालक झाले, प्रत्येक मालक खलाशी शोधू लागला, आणि लाटेत गेलेल्या माणसांमुळे मुळातच कमी झालेले हात आणखी अपुरे पडू लागले. शिवाय जास्त होड्या म्हणजे त्याच पाण्यात जास्त जाळी. समुद्रातली मासळी काही आमच्या यादीप्रमाणे वाढणार नव्हती.

जाळ्यांची गोष्ट मला एका म्हाताऱ्या मच्छीमाराने किनाऱ्यावर बसून दाखवली. आमच्या यादीवरून आलेले नायलॉनचे नवे जाळे त्याने मांडीवर पसरले आणि दोन बोटे त्याच्या एका डोळ्यात घातली. ती सहज गेली. मग त्याने आपले जुने, ठिगळे लावलेले जाळे घेतले. त्याच्या डोळ्यात तीन बोटे जात होती. आणखी एक होते, त्यात चार. तारलीला वेगळे, बांगड्याला वेगळे, सुरमईला वेगळे, खेकड्याला वेगळे, आणि कोळंबीचे तर तीन थरांचे. वर्षातून ज्या महिन्यात जी मासळी येते त्या महिन्यात तिचे जाळे लागते. एका घरात चार-पाच प्रकारची जाळी असतात आणि ती मिळून एक संच होतो. आम्ही रकान्यात ‘जाळी : ५’ असे लिहिले होते आणि देणाऱ्याने एकाच डोळ्याची पाच जाळी पाठवली होती. त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. पोराला शिकवावे तसे तो शिकवत होता, आणि माझ्या हातात वही असूनही पहिल्या खेपेला मी हा प्रश्न त्याला विचारला नव्हता.

तुमच्या वहीत माझे नाव आहे का

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही राहत होतो त्या शाळेच्या ओसरीवर एक बाई आल्या. वय चाळिशीच्या पुढचे असावे. मी त्यांना येथे अक्का म्हणतो, कारण सारे त्यांना तसेच म्हणत, आणि मोठ्या बहिणीसाठी हा शब्द तमिळमध्येही आहे आणि आपल्याकडेही. त्यांनी आमच्यातल्या तमिळ कळणाऱ्या मुलाला विचारले, ‘तंबी (म्हणजे धाकट्या भावा), तुमच्या त्या वहीत माझे नाव आहे का?’ आम्ही वही काढली. पाने दोनदा चाळली. त्यांचे नाव नव्हते.

अक्कांचे यजमान लाटेच्या चार वर्षे आधी आजाराने वारले होते. मुलगा चौदा वर्षांचा होता, म्हणजे वरी होण्याच्या वयाचा नव्हता. गावाच्या नियमाप्रमाणे विधवेचे घर अर्धी वरी धरले जाई, पण तेही घरात कर देणारे कोणी असेल तर. त्यामुळे पंचायतीच्या यादीत त्यांच्या घराला जागा नव्हती आणि तीच यादी आम्ही उतरवून घेतली होती. त्या मासळी विकत. पहाटे लिलावात माल घ्यायचा, बर्फात घालायचा, ॲल्युमिनियमचे मोठे पातेले डोक्यावर घेऊन आतल्या गावांत दारोदार जायचे आणि उरलेली मासळी मीठ लावून वाळवायची, असा त्यांचा वीस वर्षांचा व्यवसाय होता. लाटेत त्यांची पातेली गेली, तराजू गेला, वाळवणाच्या चटया गेल्या आणि डब्यात ठेवलेले भांडवल गेले. आमच्या चार रकान्यांत यांपैकी एकाही वस्तूला जागा नव्हती.

भांडवल गेल्यावर त्या सावकाराकडून सकाळी ९०० रुपये घेत आणि संध्याकाळी १,००० परत करत. एखाद्या दिवशी मासळी खपली नाही किंवा पावसाने रस्ता बंद झाला, तर दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचे देणे डोक्यावर घेऊनच लिलावाला जावे लागे. त्सुनामीनंतर पहिले काही आठवडे तर मासळी कोणी घेतच नव्हते, कारण समुद्रात वाहून गेलेल्या माणसांच्या आठवणीने लोकांना मासे नकोसे झाले होते. त्या आठवड्यांचे व्याज अक्का डिसेंबरमध्येही फेडत होत्या.

अशी त्यांच्यासारखी किती घरे आहेत, असे आम्ही विचारले तेव्हा त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि दोन्ही हातांची बोटे संपल्यावर त्या म्हणाल्या, ‘चला, दाखवते.’ त्या दिवशी आम्ही त्यांच्यामागून फिरलो. नवऱ्याने टाकलेली एक बाई होती. लाटेत मुलगा आणि सून गेल्यावर दोन नातवंडांना सांभाळणारी एक आजी होती. आई गेल्यामुळे लहान भावंडांचे सारे करणारी एक सोळा वर्षांची मुलगी होती. तिचा बाप वरी होता, त्यामुळे होडीचा हिस्सा त्या घराला मिळाला होता, पण आईचा विक्रीचा व्यवसाय कोणाच्याच हिशेबात नव्हता. रस्त्यापलीकडच्या वस्तीत दलित मजुरांची घरे होती. ते किनाऱ्यावर बर्फ फोडत, ओझी वाहत आणि हंगामात भातशेतीवर जात. लाटेने शेते खारावली होती, किनाऱ्यावरचे काम थांबले होते, आणि त्यांच्या घरातले कोणी दगावले नव्हते म्हणून ते ‘बाधित’ ठरले नव्हते.

येथे एक आकडा सांगणे आवश्यक आहे. ऑक्सफॅमने मार्च २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात नागपट्टिनम जिल्ह्यातील मृतांमध्ये २,४०६ स्त्रिया आणि १,८८३ पुरुष असल्याचे नोंदवले होते. त्या सकाळी पुष्कळ पुरुष खोल समुद्रात होते आणि तिथे लाट होडी नुसतीच उचलल्यासारखी करून खालून निघून गेली. बायका किनाऱ्यावर होड्यांची आणि मासळीची वाट पाहत होत्या, किंवा घरात मुलांपाशी होत्या. म्हणजे लाटेने सर्वांत जास्त नेल्या त्या बायकाच, आणि मागे राहिलेल्या बायकांचे काम आमच्या यादीत नव्हते. हे लिहिताना मला अजूनही शरम वाटते, कारण किल्लारीला काम केलेल्या माणसाला घरात दोन माणसे कमावतात हे सांगायला आकडेवारीची गरज पडू नये.

आणखी एक गोष्ट त्या फिरण्यात कळली. काही घरांना कुलूप होते आणि विचारल्यावर शेजारणी हळू आवाजात सांगत की ती दवाखान्यात गेली आहे. ज्यांची सगळी मुले लाटेत गेली होती आणि ज्यांनी आधी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतली होती, त्या बायकांसाठी तमिळनाडू सरकारने ती शस्त्रक्रिया उलटवण्याची सोय मोफत केली होती. आमच्या सामानात शिवणकामाच्या प्रशिक्षणाचा आराखडा होता. तो आम्ही बाहेरच काढला नाही.

तीन संध्याकाळी

यादी चुकली हे कळल्यावर ती आपणच बदलून टाकावी, अशी गटातल्या तरुणांची पहिली प्रतिक्रिया होती. ती चूक ठरली असती. आम्ही दोन आठवड्यांनी निघून जाणार होतो आणि त्या बायकांना त्याच पंचायतीच्या गावात राहायचे होते. म्हणून आम्ही देवळाच्या ओट्यावर पंचायतीपुढे बसलो, तीन संध्याकाळी.

पंचायतीचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे होते. बाहेरून येणारा प्रत्येक गट स्वतःच्या निकषाने माणसे निवडतो, एकाला देतो आणि दुसऱ्याला देत नाही, आणि गट निघून गेल्यावर ती दोन घरे एकमेकांशी बोलेनाशी होतात. शेजारच्या एका गावात असे घडले होते. वरी हा एकच निकष असा आहे की ज्यावर सारे गाव कित्येक पिढ्या सहमत आहे. तो मोडला तर उद्या समुद्रावरचा तंटा कोण सोडवणार, असे त्यांनी विचारले. मला या प्रश्नाचे उत्तर तेव्हाही देता आले नाही. पण ज्या घरात पुरुष नाही त्या घरात चूल पेटते की नाही, असा साधा प्रश्न आमच्या गटातल्या सर्वांत वयस्क बाईंनी विचारला, आणि त्यावर पंचायतीतले एक वृद्ध बराच वेळ गप्प राहून म्हणाले की त्यांच्या स्वतःच्या बहिणीचे घर यादीत नाही.

शेवटी ठरले ते असे. वरीच्या यादीला हात लावायचा नाही. तिच्याबरोबर दुसरी एक यादी करायची, चुलीप्रमाणे. ज्या घरात वेगळी चूल आहे ते एक घर, मग कमावणारा पुरुष असो, बाई असो की आजी असो. ही मोजणी गावातल्याच बायकांनी करायची, आम्ही फक्त लिहायचे, आणि एक प्रत पंचायतीकडे ठेवायची. विक्रेत्या बायकांना जे द्यायचे ते वाटप म्हणून न देता फिरते भांडवल म्हणून द्यायचे. ते परत येऊन त्यांच्याच पेटीत जमा होईल, म्हणजे ‘अमुकीला दिले, तमुकीला का नाही’ हा वाद उद्भवणार नाही. ही शेवटची अट पंचायतीनेच सुचवली होती आणि पुढे तीच सर्वांत टिकाऊ ठरली. रस्त्यापलीकडची वस्ती मात्र आपल्या गावात येत नाही यावर पंचायत ठाम राहिली. तेथे आम्ही वेगळे काम केले. शेतांत पावसाचे पाणी साठवून क्षार धुऊन काढणे आणि ढेंचाचे हिरवळीचे खत गाडणे हे उपाय जिल्ह्यात इतर संस्था करतच होत्या, त्यांच्याशी त्या वस्तीची गाठ घालून दिली. त्या भिंतीला आम्ही वळसा घातला, ती पाडली नाही.

चुलीची मोजणी चार दिवस चालली. वरीच्या यादीपेक्षा सदतीस घरे जास्त निघाली. रकाने आता चारांऐवजी कितीतरी झाले होते, आणि जाळ्याच्या रकान्यात बायकांनी आकड्यासमोर बोटे लिहिली : दोन बोटे, तीन बोटे.

२६ तारखेला गावातून एकही होडी समुद्रावर गेली नाही. सकाळी सारे गाव किनाऱ्यावर गेले, पाण्यात दूध आणि फुले सोडली. अक्का पाण्याच्या कडेला उभ्या राहून काहीतरी बोलत होत्या. दुभाष्या मुलाने सांगितले की त्या समुद्राला आई म्हणत आहेत आणि तिच्याशी भांडत आहेत.

घरे

तिसरी खेप जून २००७ ची, दोन आठवड्यांची. तमिळनाडू सरकारच्या ३० मार्च २००५ च्या आदेशाप्रमाणे भरती रेषेपासून २०० मीटरच्या आत घर असलेल्यांना तिथे नव्या बांधकामासाठी मदत मिळणार नव्हती. जुनी जागा सोडून मागे गेले तर नवे घर मिळणार होते, ३०० ते ३२५ चौरस फुटांचे, दीड लाख रुपये खर्चाचे, पती-पत्नी दोघांच्या नावाने. नोंदणी दोघांच्या नावे करण्याची तरतूद मला फार मोलाची वाटते. आमच्या गावची वसाहत एका देणगीदार संस्थेने बांधली होती. अक्कांना घर मिळाले होते, शेवटच्या रांगेत, पण त्यांच्या स्वतःच्या नावाने.

घरे पक्की होती, एकसारखी होती आणि सरळ रेषेत होती. जागा सपाट करताना तिथली नारळाची आणि कडुनिंबाची झाडे काढून टाकली होती, त्यामुळे दुपारी बसायला सावली नव्हती आणि लोक घराच्या भिंतीच्या सावलीबरोबर सरकत बसत. चुलीसाठी आत जी जागा काढली होती तिथे धूर कोंडे, म्हणून जवळजवळ प्रत्येक घरामागे झावळ्यांचे एक खोपटे उभे राहिले होते. मच्छीमार पहाटे दारात उभा राहून समुद्राचा आवाज ऐकतो, वारा पाहतो आणि मग जायचे की नाही ते ठरवतो. इथल्या दारातून समोरच्या घराची मागची भिंत दिसत होती. विक्रेत्या बायकांना लिलावाच्या जागेपर्यंत पहाटे अंधारात चालत जावे लागे. किल्लारीच्या परिसरातही पुनर्वसित गावांत शेत आणि गोठा दूर गेल्याची तक्रार आम्ही वर्षानुवर्षे ऐकली होती, आणि तरीही २००५ मध्ये आराखडा पाहताना आमच्यापैकी कोणी हा मुद्दा काढला नव्हता.

फिरत्या भांडवलाची पेटी चालू होती. तीन बायकांनी पैसे थकवले होते, एकीने गाव सोडले होते, बाकीच्या फेडत होत्या. काही घरांत पाळणे हलत होते.

अकरा वर्षांचा खंड

त्यानंतर आम्ही गेलो नाही. २००८ मध्ये बिहारमध्ये कोसीचा पूर आला तेव्हा गटातले काही जण तिकडे गेले, काहींच्या नोकऱ्या बदलल्या, एक सहकारी वारले. पत्रे पहिली दोन वर्षे येत राहिली, मग थांबली. परत येऊ असे आम्ही सांगितले होते, आणि हा खंड आमच्याकडून पडला.

१६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गजा’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ धडकले आणि त्या बाजूच्या नारळाच्या बागा अक्षरशः आडव्या झाल्या. आमच्यापैकी चौघे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गावात पोहोचलो. या वेळी इशारा वेळेवर मिळालेला होता, माणसे आधीच निवाऱ्यात हलवली गेली होती आणि गावात जीवितहानी नव्हती. होड्या आपटून फुटल्या होत्या, मागची खोपटी उडाली होती.

अक्का आता सत्तावन्न वर्षांच्या होत्या आणि विक्रीला त्यांची सून जात होती. त्यांनी आम्हांला ओळखले, जेवू घातले आणि जेवणानंतर एक वही पुढे ठेवली. वादळानंतर पाचव्या दिवशी बायकांनी मोजणी करून ती पुरी केली होती. चुलीप्रमाणे नावे होती, जाळ्यांपुढे बोटे होती, पातेली आणि बर्फाच्या पेट्या होत्या. रस्त्यापलीकडच्या वस्तीची नावे वहीच्या मागच्या बाजूने लिहिली होती, वेगळी, पण त्याच वहीत. तिची एक प्रत तहसील कार्यालयात आणि एक पंचायतीकडे देऊनही झाली होती. ती करण्यासाठी त्यांना आमची गरज पडली नव्हती.

त्यांना आमच्याकडून दुसरेच हवे होते. अक्कांनी कोपऱ्यातली काठी घेतली आणि घराच्या छताला खालून ठोकायला सुरुवात केली. दोन ठिकाणी भरीव आवाज आला. तिसऱ्या ठिकाणी रिकामे मडके वाजवावे तसा पोकळ आवाज आला आणि गिलाव्याची एक पापडी खाली पडली; वर गंजून फुगलेली सळई दिसत होती. खाऱ्या हवेने अकरा वर्षांत तिथवर वाट काढली होती. सून म्हणाली की रात्री मुलांना या बाजूला झोपवत नाही.

आमच्यापैकी एक जण स्थापत्य अभियंता आहे. पुढचे सहा दिवस तो आणि गावातल्या पाच बायका घरोघर काठी घेऊन फिरल्या. प्रत्येक घराच्या छताचा नकाशा कागदावर काढून जिथे पोकळ आवाज येईल तिथे फुली मारली. शेवटच्या दोन रांगांत फुल्या सर्वांत दाट होत्या, कारण तिकडे जमीन सखल आहे आणि पाणी साचते. बांधणाऱ्या संस्थेने जिल्ह्यातले काम केव्हाच बंद केले होते. हस्तांतराच्या कागदांत दुरुस्ती कोणी करायची याबद्दल एकही ओळ आम्हांला सापडली नाही, आणि सरकारी घरदुरुस्तीच्या योजनेत ही घरे बसतात की नाही याचे उत्तर दोन कार्यालयांत दोन प्रकारचे मिळाले. फुल्यांचे कागद अक्कांच्या वहीत लावून ठेवले आहेत. छताच्या दुरुस्तीसाठी गंज खरवडून सळईला लेप देण्याचे आणि नवे आवरण चढवण्याचे काम तिथल्या चार तरुणांना शिकवावे, असे ठरले आहे, आणि पहिले छत अक्कांच्या शेजारच्या त्या आजीच्या घराचे घ्यायचे आहे, जिची दोन नातवंडे आता होडीवर जातात.